तुर्कस्तानचे बंदर आणि आमची चौलची सहल



बाहेरच्या फळ्यावर आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हांस वाटेतच गाठले आणि विचारले, "काय हो, तुर्कस्तानला कधी जाऊन आलात?" तेव्हा आरंभीच कबुली दिलेली बरी. आम्ही तुर्कस्तानला गेलेलो नाही. आमच्याजवळ पासपोर्ट नाही, आणि संघटनेच्या कामातला आमचा प्रवास बहुधा कारखान्याच्या फाटकापासून कामगार न्यायालयाच्या पायरीपर्यंतचा असतो. आम्ही गेलो होतो चौल-रेवदंड्याला, आपल्याच जिल्ह्यात, एस.टी.च्या गाडीने. पण त्या सहलीचा उगम तुर्कस्तानच्या एका बंदरात आहे, आणि ते बंदर वगळून चौलमध्ये आम्हांस काय दिसले हे सांगता येणार नाही. म्हणून विषयाला हे लांबलचक नाव द्यावे लागले.

आणखी एक सांगून ठेवतो. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत जुनी निकालपत्रे वाचून आणि वाचनालयातून पुस्तके आणून झाले. इतिहासाच्या पंडितांच्या पंगतीत बसण्याचा आमचा दावा नाही. कारखान्यातला मनुष्य जुन्या शहरात गेला तर त्याची नजर कोठे जाते, एवढेच आम्ही सांगणार आहोत.

२०१४ साली खालापूर तालुक्यातला एक कारखाना बंद झाला. तेथे यंत्रांचे सुटे भाग होत असत, आणि तेथील ६३ कामगार आमच्या संघटनेचे सभासद होते. कारखान्याचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. फाटकावर जी नोटीस लागली तिच्यात बंद करण्याचे कारण दिले होते, कामगारांचे उत्पादन कमी पडते. ही नोटीस आम्ही मोठ्याने वाचून दाखवली तेव्हा पुढे उभे असलेले काही जण खाली पाहू लागले, हे आम्ही विसरलेलो नाही. मनुष्याला पगार न मिळाल्याचे दुःख होतेच. पण त्याच्यामुळे कारखाना बुडाला असे छापून आले की त्याला ते अर्धेमुर्धे खरे वाटू लागते.

पुढे देण्याघेण्याच्या बोलण्यासाठी आम्हांस कचेरीत बोलावले. साहेब यायला उशीर होता. टेबलावर एक गुळगुळीत रंगीत पत्रक पडले होते, ते आम्ही चाळले. तुर्कस्तानचा समुद्रकिनारा, कुशादासी, इझमीर आणि जवळची प्राचीन स्थळे. आठ दिवस, सात रात्री, माणशी नव्वद हजार रुपये. चौकशी केली तेव्हा कळले की त्याच वर्षी मालाची विक्री करणाऱ्यांना बक्षीस म्हणून तेथे नेऊन आणले होते. माल विकणाऱ्यांना तुर्कस्तान आणि माल करणाऱ्यांना नोटीस! आम्ही ते पत्रक घडी करून खिशात घातले. चोरीच म्हणा. पत्रकावर एक चित्र होते. डोंगराच्या कुशीत दगडी पायऱ्यांचे प्रचंड नाट्यगृह, त्याच्यासमोरून निघालेला संगमरवरी रस्ता, आणि तो रस्ता जेथे संपतो तेथे नुसते गवत. खाली लिहिले होते 'इफिसस, प्राचीन बंदर'. आम्ही विचारात पडलो. बंदर असेल तर समुद्र कोठे गेला?

त्या प्रश्नाचा आम्ही महिना-दीड महिना पाठपुरावा केला. मिळाली ती माहिती अशी. इफिसस हे दोन हजार वर्षांपूर्वी आशियाच्या त्या टोकाचे फार मोठे शहर. आर्टेमिस देवीचे तेथले मंदिर जगातल्या सात आश्चर्यांत गणले जाई. चित्रातल्या नाट्यगृहात २५,००० च्या आसपास माणसे बसत, आणि रस्ता थेट जहाजांच्या धक्क्यापर्यंत जाई. कायस्ट्रोस नावाची नदी दरसाल माती आणून बंदरात टाकी. पर्गामॉनच्या अट्टालस राजाच्या अभियंत्यांनी युक्ती काढली की बंदराचे तोंड बांध घालून अरुंद केले तर पाणी खोल राहील. झाले उलटेच. पूर्वी भरती-ओहोटीबरोबर थोडीफार माती बाहेर जात असे, ती आता आतच अडकू लागली. ही हकीकत स्ट्रेबो नावाच्या जुन्या भूगोलकाराने लिहून ठेवली आहे. पुढे कित्येक पिढ्या गाळ काढणे चालू राहिले आणि गाळ येणेही चालू राहिले. आज समुद्र त्या रस्त्याच्या टोकापासून काही किलोमीटर दूर आहे. शहर उठले ते उठलेच.

येथपर्यंत भूगोल झाला. पण दुसऱ्या शतकात तेथल्या रोमन अधिकाऱ्याने काढलेला एक हुकूम दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात काय आहे? संगमरवर चिरणाऱ्यांनी आपला चुरा बंदरात टाकू नये, त्याने बंदर भरते! बंधुभगिनींनो, हे वाचून आम्ही पुस्तक मिटले आणि थोडा वेळ अंगणात जाऊन उभे राहिलो. नदी दरसाल डोंगरच्या डोंगर आणून टाकते, राजाचे अभियंते बंदराचे तोंड आवळतात, आणि हुकूम निघतो तो करवत चालवणाऱ्यावर. चुऱ्याने थोडे नुकसान होत नसेल असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या कारखान्यातली मोठी प्रेस-यंत्रे दोन वर्षे आधीच दुसऱ्या राज्यात हलवली होती, आणि उरलेल्या जुन्या यंत्रांवर उत्पादन कमी पडते म्हणून नोटीस लागली होती.

त्या भागातल्या दगडांवर आणि पोथ्यांत कामगारांचा आणखीही पत्ता लागतो. पाव भाजणाऱ्यांनी गट करून जमू नये, हुकूम पाळावेत आणि शहराला पाव पुरवीत जावे, असे बजावणारा एक जाहीरनामा आहे. तो इफिससच्याच पाववाल्यांसंबंधी मानला जातो. सार्डिस नावाच्या जवळच्या शहरात ४५९ साली गवंडी-कारागिरांच्या संघटनेने अपुऱ्या कामांबद्दल केलेला लेखी करार दगडावर आहे. आज आपण ज्याला समझोता म्हणतो तोच तो. आणि बायबलात हकीकत आहे की डेमेट्रियस नावाच्या चांदीकामगाराने आपल्या धंद्यावर गदा येते म्हणून सर्व कारागीर गोळा केले आणि सारा जमाव त्या मोठ्या नाट्यगृहात घुसला. दोन तास घोषणा चालल्या. शेवटी नगराचा चिटणीस उठला आणि म्हणाला की तक्रार असेल तर कोर्टे उघडी आहेत, तेथे जा. हे वाक्य आम्ही आमच्या आयुष्यात इतक्या वेळा ऐकले आहे की त्या चिटणीसाला आम्ही पाहिले तर ओळखू.

आता सहलीकडे वळतो. आमच्या सभासदांनी दरमहा थोडे थोडे घालून सहल फंड जमवला होता. वर्षानुवर्षे 'पुढच्या हिवाळ्यात जाऊ' असे चालले होते. कारखाना बंद झाला तेव्हा फंडात ४१,६०० रुपये होते. सभा भरली. निम्मे म्हणाले, वाटून घ्या, माणशी ६६० रुपये येतात, घरात तेलमीठ तरी येईल. निम्मे म्हणाले, आता एकत्र जाण्याची ही शेवटची वेळ. वाद तापला. एकाने तर आमच्याकडे बोट करून सांगितले, "तुमचं पोट भरलंय, तुम्हाला सहली सुचतात." त्याचे चुकले नव्हते, आमची बायको तेव्हा अंगणवाडीत कामाला होती. अखेर ठरले की ज्यांना हवा त्यांनी वाटा घ्यावा. एकोणीस जणांनी घेतला, म्हणजे १२,५४० रुपये गेले. २९,०६० रुपये आणि ४४ माणसे उरली, बरोबर एका एस.टी.त बसतील एवढी. कोणी म्हणाले महाबळेश्वर, कोणी शिर्डी. आम्ही खिशातले पत्रक काढून गाळाने मेलेल्या बंदराची गोष्ट सांगितली आणि म्हटले, असले एक बंदर आपल्या जिल्ह्यातही आहे. कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या आक्का म्हणाल्या, "समुद्र दिसंल ना? मग चला." आक्कांचे वय तेव्हा अठ्ठावन्न, आणि त्यांनी समुद्र पाहिला नव्हता. कर्जतहून दोन तासांवर मुंबई असताना!

डिसेंबरातल्या एका पहाटे कडावच्या बाल दिगंबर गणेशापुढे नारळ वाढवून गाडी निघाली. खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड. पोयनाडच्या पुढे चरी गावाशी आम्ही गाडी थांबवायला लावली. तरुण मंडळी कुरकुरली, कारण तेथे पाहण्याजोगे काही नाही, भाताची खाचरे आणि खारे वारे. पण ऐतिहासिक स्थळ म्हणजे बुरूजच असला पाहिजे असे थोडेच आहे? याच खाचरांत २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी संप पुकारला. खोताची जमीन कसायची नाही, असा ठराव. शेतकऱ्याचा संप ही कल्पनाच तेव्हा लोकांना नवी होती. गिरणीतला कामगार संपावर गेला तर यंत्र थांबते, शेतकरी संपावर गेला तर त्याचेच पोट थांबते. तरी हा संप १९३९ पर्यंत चालला. लोकांनी रानातली लाकडे विकली, पडेल ती मजुरी केली. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर येथे आले, आणि १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९३९ चा कुळकायदा झाला, आणि खोती रद्द करणारा कायदा १९४९ साली आला. आम्ही हे सांगत असताना बांधावर एक म्हातारबाबा येऊन उभे राहिले. त्यांनी विचारले, "कोणत्या कारखान्याचे?" आम्ही म्हटले, बंद कारखान्याचे. ते म्हणाले, "मग बसा की, पाणी प्या." ४४ माणसांना त्या घरच्या बायांनी पाणी दिले.

अलिबागेस आमचा बेत फसला. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, हे आम्ही वाचले होते. ओहोटी कधी आहे हे पाहायचे राहिले. पोहोचलो तेव्हा भरती. किल्ला समोर आणि मध्ये पाणी. आक्कांना त्याचे काही नव्हते. त्या पातळ खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि बराच वेळ कोणाशी बोलल्या नाहीत. १७२९ साली वारलेल्या कान्होजी आंग्र्यांच्या समाधीचे दर्शन घेतले. तेथली चुंबकीय वेधशाळा बाहेरून पाहिली. मुंबईत विजेच्या ट्राम यायच्या म्हणून यंत्रांना त्रास होऊ नये यासाठी १९०४ साली ती कुलाब्याहून येथे आणली. यंत्रांची एवढी काळजी घेतलेली पाहून आमच्यातल्या एकाने टोमणा मारलाच, तो येथे सांगत नाही.

दुपार कलताना चौलमध्ये शिरलो. प्रथम निराशा होते. नारळी-पोफळीच्या वाड्या, शांत रस्ता, मध्येच एखादे तळे. शहर कोठे आहे? फिटरमामांनी हा प्रश्न तीनदा विचारला. हे फिटरमामा आमच्या कारखान्यातले सर्वांत जुने कामगार, यंत्राचा नुसता आवाज ऐकून कोठला बेअरिंग गेला ते सांगणारे. शहर पायाखाली आहे मामा, असे म्हणून आम्ही जे टिपून नेले होते ते वाचून दाखवले. ग्रीक दर्यावर्द्यांनी पहिल्या-दुसऱ्या शतकांत या बंदराचे नाव लिहून ठेवले आहे. कान्हेरीच्या लेण्यांत 'चेमुल' येथील दानकर्त्यांचे लेख आहेत. ९१६ च्या सुमारास अल-मसुदी नावाचा अरब प्रवासी येथे आला, त्याने येथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचे लिहिले. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले आणि येथेच जन्मलेले. त्या काळी मुंबई म्हणजे कोळ्यांची बेटे होती.

रामेश्वराचे देऊळ पाहिले, आणि तेथून हमामखाना म्हणतात त्या पडक्या स्नानगृहात गेलो. हमाम म्हणजे तुर्कांकडेही चालते तेच गरम पाण्याचे न्हाणीघर. घुमटाखाली उभे राहून फिटरमामा पाणी कोठून येत असेल, चूल कोठे असेल, वाफ कोठून जात असेल हे शोधू लागले. मार्गदर्शकाला जे माहीत नसते ते मामांना भिंतीत बोट घालून कळते. अर्ध्या तासाने ते बाहेर आले आणि म्हणाले, "काम चोख आहे. पण हे करणाऱ्याचं नाव कुठं लिहिलंय?"

कोठेच लिहिलेले नव्हते. आपल्या कोथळीगडावर अखंड खडकातून जिना कोरून वर नेला आहे. आपण लहानपणापासून चढतो, तो कोणी कोरला हे कोणाला ठाऊक आहे? मामांचे समाधान व्हावे म्हणून आम्ही त्यांना एक अपवाद सांगितला. चौल हे पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचे बंदर झाले. त्या अहमदनगरात १५४९ साली 'मुलूख मैदान' ही प्रचंड तोफ ओतली गेली, जी आज विजापूरच्या बुरुजावर आहे. ती ओतणाऱ्याचे नाव तोफेवर कोरले आहे, महंमद बिन हसन रुमी. रुमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. मामा म्हणाले, "ते ठीक. पण भाता मारायला किती जण होते?" या प्रश्नाला आम्ही निरुत्तर झालो, आणि अजूनही आहोत.

रात्री रेवदंड्यात एका वाडीत उतरलो. घरगुती जेवण, सुरमईचे कालवण, ज्यांना चालत नाही त्यांना पावट्याची उसळ. जेवणानंतर अंगणात बसून आम्ही मंडळींना निकितीनची गोष्ट सांगितली. अफनासी निकितीन हा त्वेर गावचा रशियन व्यापारी. १४६९ च्या सुमारास तो होर्मुझहून जहाजाने चौलला उतरला. बरोबर एक घोडा होता, तो विकून फायदा करायचा हा बेत. चौलहून पाली, उमरी करीत तो जुन्नरला गेला, आणि तेथल्या खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदल, मग घोडा देतो, अशी अट. एका खुरासाणी गृहस्थाने मध्यस्थी केली म्हणून घोडा परत मिळाला. तो या देशात काही वर्षे फिरला आणि येथे त्याला फायदा असा झाला नाही. परतीच्या वाटेवर तो ट्रॅब्झॉनला, म्हणजे तुर्कस्तानच्याच काळ्या समुद्रावरच्या बंदराला पोहोचला. तेथल्या अधिकाऱ्यांनी कागदपत्र शोधण्याच्या निमित्ताने त्याचे सामान उपसले आणि चीजवस्तू लांबवल्या. घरी पोहोचण्यापूर्वीच तो वाटेत वारला. पण त्याची वही मागे राहिली, आणि त्या वहीमुळे आज रेवदंड्याच्या शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. ज्या राजांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही त्यांच्याविषयी आज त्याच वहीवरून लिहितात.

सकाळी किल्ल्यात हिंडलो. रेवदंड्याचा कोट पोर्तुगीजांचा. ते सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे आले. १५०८ साली याच खाडीत इजिप्तचे आरमार आणि दीवचा मलिक अयाझ यांनी त्यांच्या आरमाराला गाठले, आणि पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो येथे मारला गेला. त्या आरमारातल्या माणसांनाही पोर्तुगीज 'रुमी'च म्हणत. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशहाने वेढा घातला, तो फसला. १७४० साली हा मुलूख मराठ्यांकडे आला. सातखणी मनोऱ्याचे वरचे मजले पडले आहेत. राहिले त्यांच्याकडे पाहूनही मान दुखते. लढायांची ही जंत्री आम्ही भराभर उरकली, कारण मंडळींचे लक्ष खाडीकडे होते. ओहोटी लागली होती आणि कुंडलिकेचा गाळ उघडा पडला होता, करडा, चकचकीत, खेकड्यांच्या भोकांनी भरलेला. कोणी काही सांगायची गरज नव्हती. एकजण म्हणाला, "म्हणजे हाच तो." पलीकडे साळावच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसत होती, आणि आमच्यातले चार तरुण तेथे भरती आहे का याची चौकशी करून आले. नव्हती.

चौल एकट्या गाळाने मेले नाही. मुंबई १६६८ साली इंग्रज कंपनीच्या हाती आली आणि व्यापार तिकडे वळला. या शहराचे खरे धन म्हणजे येथले विणकर. सतराव्या शतकाच्या आरंभी पिरार नावाचा फ्रेंच प्रवासी येथल्या रेशमाची तारीफ करून गेला आहे. इंग्रजांना ते ठाऊक होते. चौलचे विणकर मुंबईला जाऊन राहिले आणि त्यांच्यासाठी कस्टम हाउसपासून किल्ल्याकडे एक रस्ता बांधण्याचा हुकूम कंपनीने काढला, अशी नोंद गॅझेटियरात आहे. कोणी सक्तीने नेले असे नव्हे. जेथे काम तेथे कामगार. मुंबई कापडावर मोठी झाली असे आपण म्हणतो, त्या कापडाचा एक पहिला धागा चौलहून गेला.

हे सांगताना आमचा आवाज जरा अडखळला, त्याचे कारण मंडळींना ठाऊक होते. आमचे वडील परळच्या बाजूला एका गिरणीत साचेखात्यात होते. बदली कामगार म्हणून लागले, कायम झाले, जोडसाचे चालवू लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले. दत्ता सामंतांचे नेतृत्व होते. काही महिन्यांनी वडील एक पत्र्याची पेटी घेऊन कडावला परत आले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे, सातवीची परीक्षा नुकतीच झालेली. आठवीचे नाव घरात कोणी काढले नाही. वडील पुढे वीटभट्टीवर गेले. संप चुकला की बरोबर यावर आजही आमच्या लोकांत भांडणे होतात, आणि आमचेही मत दर दहा वर्षांनी थोडे बदलत आले आहे. पण एक गोष्ट आम्ही डोळ्यांनी पाहिली. वडिलांना शेवटपर्यंत वाटत राहिले की गिरणी आपण बंद पाडली. जमिनीचे भाव काय झाले होते, मालकांनी नवी यंत्रे का घेतली नाहीत, यांतले काही त्यांच्या मनाला पटले नाही. आमच्या फाटकावर नोटीस वाचताना खाली पाहणाऱ्या चेहऱ्यांत आम्हांस तेच दिसले होते. त्या दिवशी रेवदंड्याच्या तटावर बसून आम्ही इफिससच्या हुकुमाची गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सावकाश, राजाच्या बांधापासून. प्रेस हलवल्याची तारीख कोणीतरी बोलून दाखवली. मग दुसऱ्याने कच्चा माल केव्हापासून कमी झाला ते सांगितले. तासभर तटावर जी सभा झाली तशी फाटकावर कधी झाली नव्हती, आणि पुढे न्यायालयात जो तक्ता आम्ही दिला तो तेथेच तयार झाला.

परतण्यापूर्वी पूल ओलांडून कोर्लईला गेलो. १७४० मध्ये पोर्तुगीज निघून गेले, पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत त्यांच्या भाषेपासून झालेली एक बोली आजही घरात बोलतात. तिला ते 'नौ लिंग', आपली भाषा, म्हणतात. किल्ला पडला, तोफा गंजल्या, आणि चाकरमान्यांच्या चुलीपाशी भाषा राहिली. रेवदंड्यात यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे, त्यांचीही तीच तऱ्हा. याच किनाऱ्यावर गलबत फुटून त्यांचे पूर्वज लागले असे ते सांगतात. त्यांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी काम बंद ठेवले, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. आठवड्याची सुट्टी न सोडणारा हा कामगारवर्ग आमच्या मंडळींना फार पसंत पडला.

परतीच्या गाडीत खजिनदारांनी हिशेब वाचला. खर्च २७,१४० रुपये, शिल्लक १,९२०. आक्कांनी विचारले, तुर्कस्तानला जायला यात किती भर घालावी लागेल? खजिनदारांनी पत्रकावरचा आकडा पाहून तो हिशेब करण्यास नकार दिला. फिटरमामा म्हणाले, त्या रशियनासारखी एक वही घ्या. तशी ठरावाने एक जाड, बांधीव वही घेतली. उरलेले पैसे तारखांच्या जाण्यायेण्यात गेले. तिच्यात प्रत्येकाने आपल्या हाताने लिहायचे, नाव, गाव, कोणत्या यंत्रावर किती वर्षे, आणि काय काय बनवले. आक्कांना लिहिता येत नव्हते, त्यांचे त्यांच्या नातीने लिहिले. दररोज १८० पोळ्या, एकवीस वर्षे.

देणी २०१७ साली मिळाली, मागितली त्याहून कमी. वहीत आजपर्यंत ५८ जणांनी लिहिले आहे. पाच राहिले. त्यांतले दोघे आता नाहीत, आणि फिटरमामा त्यांपैकी एक. सगळ्यांचे होऊ द्या, मग मी लिहितो, असे ते म्हणत राहिले. उरलेले तिघे याच पंचक्रोशीतले आहेत. ते आज येथे आले असतील तर सभा संपल्यावर त्यांनी आम्हांस भेटावे. वही आम्ही बरोबर आणली आहे.